समोरच्याची बाजू मुलांना शिकवायची कशी? सीमाभागातल्या शिक्षक-पालकांसाठी

१७ डिसेंबर २०२४ रोजी लोकसभेत संविधानाच्या १२९ व्या दुरुस्तीचं विधेयक मांडलं गेलं. लोकसभेची आणि सगळ्या विधानसभांची निवडणूक एकदमच घ्यावी, हा त्याचा गाभा. तेव्हापासून ‘एक देश, एक निवडणूक’ हे शब्द बेळगाव, खानापूर, निपाणीच्या मुलांच्या कानावर पडत आहेत. निवडणूक म्हणजे काय हे या मुलांना पुस्तकाच्या आधीच कळतं. शाळेचं मतदान केंद्र होतं, सर ड्युटीवर जातात, वर्ग बंद राहतात. मे २०२३ मध्ये कर्नाटक विधानसभा झाली, मे २०२४ मध्ये लोकसभा, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये चंदगड-कोल्हापूरच्या पाहुण्यांकडे महाराष्ट्र विधानसभेची धामधूम. मग आठवीतलं मूल विचारतं, “सर, एकदम निवडणुका घेणं चांगलं की वाईट?”

मोठी माणसं बहुधा आपलं मत सांगून मोकळी होतात, नाहीतर ‘मोठा झालास की कळेल’ म्हणून विषय संपवतात. यापेक्षा चांगला मार्ग आहे आणि तो शिकवता येतो. मुलाने विरुद्ध बाजू अशी मांडावी, की त्या बाजूचा माणूस ऐकून म्हणेल, ‘होय, माझं म्हणणं हेच आहे.’ ती बाजू मुलाला पटलीच पाहिजे, असं मुळीच नाही. पण ती नीट मांडता आली पाहिजे. सीमाभागात या शिक्षणाची गरज जास्त आहे, कारण हा भाग महाराष्ट्रात असावा की कर्नाटकात, हा संविधानाशी जोडलेला वाद इथे जवळपास सत्तर वर्षं घराघरात आहे आणि त्याची दुसरी बाजू मानणारी माणसं त्याच गल्लीत राहतात.

संविधान एकमताने झालं, हा मुलांचा पहिला गैरसमज

कर्नाटकातल्या शाळांत २०२३ पासून परिपाठाला संविधानाची उद्देशिका वाचली जाते. ‘आम्ही भारताचे लोक’ हे रोज एका सुरात म्हणणाऱ्या मुलांना वाटतं, की सगळ्यांचं सगळ्यावर एकमत होतं आणि भांडणं नंतर सुरू झाली. म्हणून सुरुवात संविधान सभेपासून करावी. ही सभा ९ डिसेंबर १९४६ रोजी बसली आणि २६ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान स्वीकारलं गेलं. मसुद्यावर सुमारे ७,६३५ दुरुस्त्या सुचवल्या गेल्या, त्यातल्या २,४७३ प्रत्यक्ष सभागृहात मांडल्या गेल्या. देशाचं नाव कसं लिहायचं यावरही १८ सप्टेंबर १९४९ रोजी मतदान झालं. ह. वि. कामत यांना ‘भारत’ हे नाव आधी हवं होतं. त्यांची दुरुस्ती ३८ विरुद्ध ५१ मतांनी पडली.

हरलेल्यांचं पुढे काय झालं, हे मुलांना जरूर सांगा. २५ नोव्हेंबर १९४९ च्या समारोपाच्या भाषणात डॉ. आंबेडकरांनी सतत विरोधी सूर लावणाऱ्या सदस्यांची नावं घेतली. कामत, पंजाबराव देशमुख, के. टी. शहा, हृदयनाथ कुंझरू ही त्यातली काही. त्यांच्या सूचना आपण स्वीकारू शकलो नाही, तरी त्यामुळे त्यांचं मोल कमी होत नाही आणि त्यांच्याशिवाय सभेचं काम नीरस झालं असतं, असा त्या बोलण्याचा आशय होता. मसुदा समितीचा अध्यक्ष आपल्या विरोधकांचे नावानिशी आभार मानतो, हा प्रसंग पाठ्यपुस्तकात ठळक हवा होता असं मला वाटतं.

न्यायालयातही हीच रीत आहे. संसदेला संविधान किती बदलता येतं, हे ठरवणाऱ्या केशवानंद भारती खटल्याचा २४ एप्रिल १९७३ चा निकाल ७ विरुद्ध ६ असा लागला. वेगळं मत असलेल्या न्यायमूर्तींची निकालपत्रंही जपून ठेवलेली आहेत आणि वकील आजही ती वाचतात.

आधी प्रश्नाचे तीन ढीग करा

वर्गातला गोंधळ बहुतेक वेळा एकाच कारणाने होतो. वेगवेगळ्या प्रकारचे प्रश्न एकत्र कालवले जातात. फळ्यावर तीन रकाने आखा: काय घडलं, कायदा काय म्हणतो, काय व्हायला हवं.

पहिल्या रकान्याला दोन बाजू नसतात. एकत्र निवडणुकांचंच उदाहरण घ्या: विधेयक मांडण्याच्या बाजूने २६९ मतं पडली, विरोधात १९८. त्यानंतर विधेयक ३९ सदस्यांच्या संयुक्त संसदीय समितीकडे गेलं. १९५१-५२ पासून १९६७ पर्यंत लोकसभा आणि विधानसभा बहुतांशी एकत्रच निवडल्या जात होत्या. हे शोधायचं, तपासायचं आणि पुढे जायचं.

दुसऱ्या रकान्यात संविधानाचा मजकूर येतो. इथे ‘विशेष बहुमत’ ही एकच संज्ञा समजावून द्यावी लागते: सभागृहाच्या एकूण सदस्यसंख्येच्या निम्म्याहून जास्त, आणि शिवाय हजर राहून मत देणाऱ्यांच्या किमान दोन तृतीयांश. आता मुलांनाच गणित घालू द्या. त्या दिवशी एकूण मतं ४६७. दोन तृतीयांश म्हणजे ३१२. मिळाली २६९. मग विधेयक पडलं का? नाही, कारण मांडायला साधं बहुमत चालतं, विशेष बहुमत मंजुरीच्या वेळी लागतं. आठवीच्या मुलाला हे गणित पाच मिनिटांत येतं, आणि ‘सरकारला वाटलं की संविधान बदलतं’ किंवा ‘संविधान कधी बदलतच नाही’ ही दोन्ही टोकं आपोआप गळून पडतात.

खरा वाद फक्त तिसऱ्या रकान्यात असतो. वारंवार निवडणुका घेण्याचा खर्च, आचारसंहितेमुळे अडणारी कामं, ड्युटीवर जाणारे शिक्षक, हे एका बाजूचं म्हणणं. देशाच्या मुद्द्यांच्या गदारोळात राज्याचे प्रश्न बुडतील, आणि मध्येच सरकार पडलं तर नवी विधानसभा फक्त उरलेल्या मुदतीसाठी निवडायची असेल तर खर्च वाचतो कुठे, हे दुसऱ्या बाजूचं. दोन्हीकडे विचारी माणसं आहेत. याच विषयासाठी नेमलेल्या, माजी राष्ट्रपती रामनाथ कोविंद यांच्या समितीपुढे ४७ पक्षांनी मतं मांडली, ३२ बाजूने होते आणि १५ विरोधात.

वर्गात प्रत्यक्ष काय करायचं

चाळीस मिनिटांचे दोन तास लागतात, आणि ते एकाच दिवशी घेऊ नयेत. आठवी ते दहावीचा वर्ग योग्य. पहिल्या तासाला फक्त पहिले दोन रकाने भरा. शेवटच्या दहा मिनिटांत प्रत्येकाने चिठ्ठीवर, नाव न घालता, आपलं मत आणि एक कारण लिहून डब्यात टाकावं. चिठ्ठ्या मोजा, पण आकडा फळ्यावर लिहू नका. आकडा दिसला की काठावरची मुलं बहुमताकडे सरकतात.

दुसऱ्या तासाला पाच-सहा जणांचे गट करा. प्रत्येक गटाने एका बाजूचं म्हणणं साधारण १५० शब्दांत लिहायचं. बाजू वाटताना चिठ्ठी काढा. मुलांना ‘तुझं मत कुठलं?’ विचारून गट केले तर तासाचा अर्धा फायदा तिथेच संपतो, कारण प्रत्येक जण जे आधीपासून मानतो तेच पुन्हा घोकतो. लिहायला वीस मिनिटं द्या. मग कागद समोरच्या गटाकडे जाईल. त्यांनी एवढंच सांगायचं: आमच्या बाजूचा सगळ्यात जोरदार मुद्दा यात आलाय का? नसेल तर कागद परत. परत आलेला कागद दुरुस्त करणं हाच या तासाचा खरा अभ्यास, त्याला घाई करू नका.

गुण द्यायचे असतील तर ते मताला नकोत. मुद्दा बरोबर पकडला का, रकाने कालवले नाहीत ना, आणि समोरच्या गटाने कागद स्वीकारला का, या तीन गोष्टींना द्या.

आपल्याकडे वक्तृत्व स्पर्धांची मोठी परंपरा आहे आणि तिने चांगले वक्ते घडवले. पण स्पर्धेत मुलाला जिंकायचं असतं, म्हणून ते समोरच्याचा सगळ्यात कच्चा मुद्दा शोधून त्यावर तुटून पडतं. इथे नेमकं उलटं करायचं आहे, त्यामुळे स्पर्धेत बक्षीस मिळवणारी मुलंच सुरुवातीला अडखळतात. त्यांना थोडा वेळ द्या.

कुठे बिघडतं

सगळ्यात मोठी चूक म्हणजे एखाद्या मुलाला त्याच्या समाजाचा वकील करणं. मराठी माध्यमाच्या वर्गातही कुणाच्या घरी कन्नड बोलतात, कुणाच्या घरी कोकणी, कुणाच्या उर्दू. ‘तू कन्नड ना, मग सांग तुमच्या लोकांचं काय म्हणणं’ असं विचारलं की ते मूल एकटं पडतं. पुढच्या तासाला ते गप्प बसेल किंवा शाळेलाच येणार नाही.

दुसरी चूक वेळेची. सीमेवर तणाव असतो, एसटी आणि कर्नाटक परिवहनच्या बसगाड्या अडतात, कुणाचे वडील कोल्हापूरला अडकलेले असतात, त्या दिवशी हा विषय काढू नये. भीती असलेल्या मुलाला दुसरी बाजू ऐकू येत नाही. वातावरण निवळल्यावर दोनेक आठवड्यांनी घ्या.

वर्गातल्या चर्चेचा व्हिडिओ काढून पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर टाकणं पूर्ण बंद हवं. चिठ्ठीप्रमाणे विरुद्ध बाजू मांडणाऱ्या मुलाचे वीस सेकंद गावभर फिरले, तर त्या मुलाचं आणि शिक्षकाचं काय होईल याचा विचार करा. तास घेण्याआधी मुख्याध्यापकांना आणि एसडीएमसीला, म्हणजे शाळा विकास व देखरेख समितीला, कल्पना द्या, एका पानावर आराखडा लिहून द्या. लपवून केलेल्या चांगल्या कामावरही संशय येतो.

शिक्षकाने स्वतःचं मत सांगावं का? मुलं विचारणारच. दोन्ही कागद तयार होण्याआधी सांगू नये. नंतर विचारलं तर ‘हे माझं मत आहे, याला गुण नाहीत’ असं स्पष्ट म्हणून सांगायला हरकत नाही. मुळीच मत नसल्याचं सोंग मुलं चटकन ओळखतात.

आता घरातला वाद: सीमाप्रश्न

निवडणुकांचा विषय आधी घेण्याचं कारण हेच. तिथे हात बसला की मग इथे यावं, थेट इथून सुरुवात करू नये.

पहिला रकाना: १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्य पुनर्रचना कायदा अमलात आला. मुंबई राज्यातला बेळगाव जिल्हा, चंदगड तालुका वगळून, म्हैसूर राज्यात (आजच्या कर्नाटकात) गेला. या वादासाठी १९६६ मध्ये नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ मध्ये अहवाल दिला. निपाणी, खानापूर, नंदगड महाराष्ट्राला द्यावं, बेळगाव शहर म्हैसूरकडेच राहावं आणि अक्कलकोटसारखा भाग म्हैसूरला द्यावा, अशा त्याच्या शिफारशी होत्या. महाराष्ट्राने अहवाल नाकारला. २००४ मध्ये महाराष्ट्र सर्वोच्च न्यायालयात गेला आणि दावा प्रलंबित आहे. डिसेंबर २०२२ मध्ये दोन्ही राज्यांच्या विधिमंडळांनी आपापले ठराव केले, महाराष्ट्राच्या ठरावात ८६५ गावांचा उल्लेख होता.

दुसऱ्या रकान्यात मुलं चकित होतात. राज्याची सीमा बदलणं अनुच्छेद ३ खाली येतं, आणि त्यासाठी संसदेत साधं बहुमत पुरतं. संबंधित राज्याच्या विधिमंडळाचं मत मागवावं लागतं, पण ते मानण्याचं बंधन संसदेवर नाही. हा प्रस्ताव त्या राज्याच्याच विधिमंडळातून यावा, अशी दुरुस्ती के. टी. शहा यांनी संविधान सभेत सुचवली होती, ती फेटाळली गेली. पुढे बाबूलाल पराते यांनी मुंबईच्या पुनर्रचनेलाच आव्हान दिलं. विधेयकात तीन वेगळे घटक होते, कायद्यात मात्र एकच मोठं द्विभाषिक मुंबई राज्य आलं, मग विधिमंडळाला पुन्हा विचारायला नको होतं का, असा त्यांचा प्रश्न. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, पुन्हा विचारण्याची गरज नाही. राज्याराज्यांतला किंवा राज्य आणि केंद्र यांच्यातला दावा थेट सर्वोच्च न्यायालयात नेण्याची तरतूद अनुच्छेद १३१ मध्ये आहे, महाराष्ट्राचा दावा त्याखालीच आहे.

आता तिसरा रकाना. वादाचं मूळ मापाच्या एककात आहे. वडिलोपार्जित जमिनीची वाटणी करताना अख्खे सर्व्हे नंबर एकेका भावाला द्यायचे, की प्रत्येक नंबर मोजून गुंठ्यागुंठ्याने तोडायचा? जमीन तीच, पण एकक बदललं की वाटणी बदलते, आणि दोन्ही भावांना आपलंच माप न्याय्य वाटतं. महाराष्ट्र म्हणतो, गाव हे एकक धरा. भाषेचं बहुमत, भौगोलिक सलगता आणि लोकांची इच्छा पाहा. आंध्र आणि मद्रासच्या सीमेवर पाटसकर सूत्राने गावच एकक धरलं होतं, शिवाय चंदगड वेगळा काढताना बेळगाव जिल्हा तोडलाच होता, मग उरलेला का तोडू नये?

कर्नाटकाची बाजू मराठी घरात बहुधा ‘त्यांनी बळकावलं’ या दोन शब्दांत संपते. ती एवढीच नाही. त्यांचं म्हणणं असं: राज्य पुनर्रचनेसाठी नेमलेल्या फाजल अली आयोगाने भाषा हा एकच निकष मानला नव्हता, बाजारपेठ, दळणवळण आणि कारभाराची सोयही पाहिली होती. गावागावाने तोडत गेलं तर सीमा दातेरी होते आणि कारभार अवघड. शहराभोवतीच्या खेड्यांचा विचार केल्याशिवाय शहराचा निर्णय करता येत नाही. कायदा संसदेने केलाय, सीमा ठरवण्याचा अधिकार संसदेचाच आहे, न्यायालयाचा नाही. आणि महाजन आयोग महाराष्ट्राच्या आग्रहावरून नेमला गेला, तर त्याचा निर्णय महाराष्ट्राने मानायला हवा. वर्गातल्या गटाने हे सगळे मुद्दे लिहिले, तरच कागद स्वीकारायचा. उलट, कन्नड शाळेत हाच तास झाला तर तिथे पाटसकर सूत्र आणि चंदगडचा मुद्दा आलाच पाहिजे.

एक गोष्ट मुद्दाम वेगळी काढून दाखवा. सीमा कुठे असावी हा एक प्रश्न, आणि आज जिथे सीमा आहे तिथे अल्पसंख्य भाषेला काय हक्क आहेत हा दुसरा. दुसऱ्याची उत्तरं बरीचशी आधीच लिहिलेली आहेत. अनुच्छेद २९ आणि ३० आहेत. प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिकण्याची सोय करण्यास सांगणारा अनुच्छेद ३५०-क १९५६ मध्येच सातव्या दुरुस्तीने आला. शाळेत ४० किंवा एका वर्गात १० मुलं त्या भाषेची असली तर शिक्षक द्यावा, हे सूत्र १९४९ पासूनचं. लोकसंख्येच्या १५ टक्के किंवा अधिक लोक एखादी भाषा बोलत असतील, तर महत्त्वाच्या सरकारी सूचना त्या भाषेतही द्याव्यात, हाही मान्य झालेला निकष आहे. बेळगाव कर्नाटकातच राहावं असं मानणारा माणूसही मराठी शाळा आणि मराठी परिपत्रकांच्या बाजूने असू शकतो. हे दोन प्रश्न एकात गुंडाळले की असा माणूस आपल्याला दिसतच नाही.

यावर सगळ्यात चांगला गृहपाठ म्हणजे नियम उलटा लावणं. जत, अक्कलकोट, दक्षिण सोलापुरात महाराष्ट्रातल्या कन्नड माध्यमाच्या शाळा आहेत. बेळगावच्या मराठी मुलासाठी तू जो नियम मागतोस, तो तिथल्या कन्नड मुलाला लावून पाहा. शिक्षकाची जागा रिकामी राहिली तर? सूचना फक्त मराठीत निघाली तर? मुलं इथे थांबतात, पुन्हा वाचतात, आणि बहुतेक वेळा आपला नियम जास्त नेमका करून लिहितात.

“मुलं गोंधळतील”

तीन ढीग न करता दोन बाजू समोर ठेवल्या तर गोंधळतील. ढीग केले तर ‘मला अजून ठरवता येत नाही’ असं काही मुलं म्हणतील, आणि चौदाव्या वर्षी ते चांगलं उत्तर आहे. पाचवी-सहावीच्या मुलांना मात्र हा विषय देऊ नका, त्यांना वर्गाचे नियम कुणी आणि कसे करायचे यावरची चर्चा पुरे.

“आपली बाजू कमकुवत होईल, हुतात्म्यांचा अपमान होईल”

हा आक्षेप हलक्याने घेऊ नये. १७ जानेवारी आणि १ जूनला, सीमाभागातल्या आंदोलनांतल्या हुतात्म्यांच्या स्मृतिदिनी, ज्या घरांतून माणसं हुतात्मा स्मारकाला जातात, त्यांच्यासाठी हा कागदावरचा वाद नाही. घरातल्या दुःखाला दुसरी बाजू लिहायला मुलाला कधीही सांगू नये. गोळीबारात माणसं गेली, हे पहिल्या रकान्यातलं सत्य आहे, ते तिथेच आणि आदराने लिहायचं.

पण बाजू कमकुवत होते, हे खरं नाही. सर्वोच्च न्यायालयात महाराष्ट्राच्या वकिलांना कर्नाटकाचा प्रत्येक मुद्दा शब्दाशब्दाने माहीत असावा लागतो, तो माहीत नसता तर दावा उभाच राहिला नसता. आपल्या मुलांनी फक्त घोषणा ऐकल्या असतील, तर कॉलेजात पहिल्यांदा ‘महाजन तुम्हीच मागितला होता ना?’ असं कुणी विचारलं की ती निरुत्तर होतात. मग एक तर चिडतात, नाहीतर हा विषयच सोडून देतात. दुसरी बाजू दहावीच्या आत भेटलेली असली, तर उत्तरही तयार असतं.

“मग प्रत्येक गोष्टीला दोन बाजू मानायच्या का?”

नाही. अस्पृश्यता अनुच्छेद १७ ने संपवली, तिच्या समर्थनाचा गट वर्गात करायचा नाही. कुणाच्या माणूसपणावर किंवा या देशात राहण्याच्या हक्कावर चिठ्ठी काढायची नाही. वर्गातल्या एखाद्या मुलाला ‘आपण नकोसे आहोत’ असं वाटेल असा प्रश्न असेल, तर तो निवडूच नका. सीमा, निवडणुका, शिक्षणाचं माध्यम, राज्य आणि केंद्राचे अधिकार, एवढ्यावरच वर्षभर पुरेल इतकं काम आहे.

“शाळेत राजकारण नको”

पक्षाचा प्रचार नको, हे बरोबर. म्हणून कागदावर पक्षाचं आणि नेत्याचं नाव येऊ देऊ नका, फक्त मुद्दा येऊ द्या. नागरिकशास्त्रात संसद, न्यायालय आणि मूलभूत हक्क शिकवायचेच आहेत. ते चालू वादातून शिकवले तर मुलांच्या लक्षात राहतात.

पालकांसाठी

मुलगी संध्याकाळी घरी येऊन कर्नाटकाची बाजू धडाधडा सांगू लागली, तर शाळेत फोन करण्याआधी तिला दोन गोष्टी विचारा. ‘ही बाजू तुला चिठ्ठीत आली होती की तुझी आहे?’ आणि ‘यातल्या कुठल्या मुद्द्याला उत्तर देणं सगळ्यात अवघड वाटतं?’ मग त्या अवघड मुद्द्याचं उत्तर तिच्याबरोबर बसून शोधा. आजोबांना बोलवा, त्यांच्याकडची जुनी कात्रणं काढा. कात्रणातली घटना कुठल्या रकान्यात बसते आणि मत कुठल्या रकान्यात, हे तिला ठरवू द्या. आजोबांना तिचं ठरवणं पटलं नाही, तर त्यांनी कारण सांगावं आणि तिने ते वहीत टिपून घ्यावं.